कोठार आणि कोठावळा

मेदाविषयी माणसाचे मत कधीच फारसे चांगले नव्हते. 'त्याच्या अंगात चरबी आली आहे' असे आपण मराठीत म्हणतो, तेव्हा त्या गृहस्थाच्या देहयष्टीविषयी आपण काही बोलत नसतो. त्याच्या माजाविषयी बोलत असतो. शरीरशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तके चाळली तर तेथे मेदाला दूषण दिलेले आढळत नाही, पण त्याला मानही दिलेला आढळत नाही. मेद म्हणजे शरीराचे कोठार. गरजेपेक्षा अधिक अन्न आले की ते साठवावयाचे, तुटवडा पडला की परत द्यावयाचे, त्वचेखाली राहून थंडीपासून रक्षण करावयाचे आणि नाजूक इंद्रियांना आतून गादीसारखा आधार द्यावयाचा, एवढीच त्याची कामगिरी. कोठाराला स्वतःचे असे मत नसते आणि ते कोणाला निरोपही धाडीत नाही. माल ठेवणारे आणि काढणारे हात दुसऱ्याचेच असतात.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ही समजूत पार बदलून गेली. मेद हे कोठार आहे हे खरेच. पण त्या कोठाराच्या दाराशी एक कोठावळाही बसलेला आहे. साठा किती आहे, कोठे दाटी झाली आहे, कोठे सडू लागले आहे, याच्या चिठ्ठ्या तो रात्रंदिवस शरीराच्या निरनिराळ्या खात्यांकडे पाठवीत असतो. या चिठ्ठ्या म्हणजेच मेदपेशींनी रक्तात सोडलेली संप्रेरके, अर्थात हार्मोन्स. रक्तातील साखर ताब्यात राहावयाची की नाही, हे पुष्कळ अंशी या चिठ्ठ्यांवर आणि त्या वाचणाऱ्यांवर अवलंबून असते. मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. तथापि ज्या देशात पुष्कळ घरांत मधुमेहाचा एखादा तरी रोगी आहे, त्या देशातील सामान्य सुशिक्षित माणसाला हा कारभार ठाऊक असावयास हवा, असे मला वाटते.

प्रथम साखरेचा हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्यातील साखरेचे प्रमाण दर १०० मिलिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे सर्व रक्तात मिळून साखर भरते जेमतेम ५ ग्रॅम. चहाच्या पेल्यात आपण चमचाभर साखर घालतो तेवढीच ही. आणि मेंदू एकटाच दर ताशी जवळजवळ ५ ग्रॅम साखर जाळीत असतो. आवक क्षणभर थांबली तर शिल्लक संपावयास वेळ लागणार नाही. उलट, जेवणानंतर आलेला लोंढा वेळीच वळविला नाही तर रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, डोळ्यांतील पडदा आणि मज्जातंतू यांची हळूहळू हानी होऊ लागते. इतक्या लहान तिजोरीतून इतका मोठा व्यवहार दिवसरात्र सुरळीत चालतो, याचे श्रेय मुख्यतः स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्शुलिनला आहे. इन्शुलिन स्नायूंना साखर आत घ्यावयास सांगते, यकृताला साखर बाहेर सोडणे आवरावयास सांगते आणि मेदपेशींना आपला साठा बंद ठेवावयास सांगते.

१९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले, आणि पुढच्याच वर्षी ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. त्या वेळी असे वाटले की, मधुमेहाचे कोडे सुटले; इन्शुलिन कमी पडते म्हणून साखर वाढते, ते बाहेरून द्यावे की झाले. पण १९३६ साली लंडनमधील हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले की, मधुमेही रोग्यांचे दोन वर्ग पडतात. काहींना इन्शुलिन दिले की साखर झपाट्याने उतरते. दुसरे काही, बहुधा वयाने प्रौढ व अंगाने स्थूल, असे असतात की त्यांच्यावर इन्शुलिनचा परिणाम फारच थोडा होतो. पुढे रक्तातील इन्शुलिन मोजण्याची सोय झाली, तेव्हा या दुसऱ्या वर्गातील पुष्कळांच्या रक्तात ते कमी नसून उलट अधिकच असते, असे दिसून आले. हुकूम सुटत होते, पण त्यांची अंमलबजावणी होत नव्हती. आपल्या सुश्रुतानेही प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगितले आहेत, व पहिल्याचा रोगी कृश आणि दुसऱ्याचा स्थूल असतो असे नमूद केले आहे. तेव्हा स्थूलतेचा आणि साखरेचा काही संबंध आहे, हे निरीक्षण नवे नव्हे. तो संबंध कोणत्या मार्गाने घडतो, हे मात्र फार काळ अज्ञात होते.

त्या मार्गाचा शोध उंदरांपासून सुरू झाला. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर नावाच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९४९ साली उंदरांच्या एका पैदाशीत काही पिले अतोनात लठ्ठ निघाली. ती सतत खात आणि त्यांच्या रक्तातील साखर वाढलेली असे. हा दोष एका जनुकातून पिढीजात येत होता. सुमारे १६-१७ वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांची आणखी एक जात आढळली. दिसावयाला ती पहिल्यासारखीच, पण दोष दुसऱ्या जनुकात. आणि हिचा मधुमेह अधिक तीव्र.

डग्लस कोलमन नावाच्या शास्त्रज्ञांनी या दोन जातींवर एक विलक्षण प्रयोग केला. दोन उंदीर कुशीला कूस लावून शस्त्रक्रियेने असे जोडावयाचे की, एकाचे रक्त दुसऱ्यात थोडे थोडे मिसळत राहावे. दुसऱ्या जातीचा लठ्ठ उंदीर एका निरोगी उंदराला जोडला, तेव्हा निरोगी उंदराने खाणेच सोडले, त्याची साखर उतरत गेली आणि अखेर तो उपासमारीने मेला. लठ्ठ जोडीदार मात्र होता तसाच राहिला. पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा लठ्ठाचे खाणे कमी झाले. आणि दोन्ही जातींचे लठ्ठ एकमेकांना जोडले, तेव्हा पहिल्या जातीचा उंदीर रोडावत गेला, दुसऱ्या जातीचा मुळीच नाही. कोलमन यांनी १९७३ साली यावरून निष्कर्ष काढला तो असा : 'आता पुरे' असे सांगणारा कोणता तरी पदार्थ रक्तातून फिरत असला पाहिजे. पहिल्या जातीला तो तयारच करता येत नाही. दुसरी जात तो भरपूर तयार करते, परंतु तिला त्याचा निरोप समजत नाही. एक मुका आणि दुसरा बहिरा. तो पदार्थ कोणता व तो कोठून येतो, हे मात्र कोलमन यांना सांगता आले नाही.

ते उत्तर मिळावयास आणखी २१ वर्षे जावी लागली. न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ते जनुक हुडकून काढले. ते ज्या प्रथिनाचा आराखडा सांगत होते, ते प्रथिन मेंदूत तयार होत नव्हते, की स्वादुपिंडातही नव्हते; ते होत होते मेदपेशींमध्ये! ग्रीक भाषेतील 'कृश' या अर्थाच्या शब्दावरून त्याला लेप्टिन हे नाव मिळाले. मुक्या उंदरांना लेप्टिन टोचताच ते कमी खाऊ लागले आणि सडपातळ झाले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, काही लठ्ठ उंदरांना लेप्टिन देऊन, आणि दुसऱ्या काहींना लेप्टिन न देता केवळ तेवढेच मोजके अन्न देऊन पाहिले, तेव्हा लेप्टिन मिळालेल्यांची साखर अधिक उतरली. म्हणजे लेप्टिन केवळ भूक आवरून साखर कमी करते असे नव्हे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग आहे, त्याच्या द्वारे ते यकृताला व स्नायूंनाही वळण लावते.

माणसातही असा मुकेपणा असू शकतो काय? १९९७ साली केंब्रिज येथील संशोधकांनी एकाच कुटुंबातील दोन मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. जन्माच्या वेळी वजन सर्वसाधारण, पण पुढे अनावर भूक आणि वाढतच जाणारे शरीर. त्यांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. त्यांतील मुलगी ९ वर्षांची असताना तिचे वजन ९४ किलो होते. तिला लेप्टिनचे उपचार सुरू केल्यावर वर्षभरात ते १६ किलोंनी उतरले. ज्या मुलांना आजवर आईबापांनी, शेजाऱ्यांनी आणि कदाचित डॉक्टरांनीही 'हावरट' ठरविले असेल, त्यांची भूक हा स्वभावदोष नसून एका चिठ्ठीचा अभाव होता, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

साहजिकच जगभर आशा पल्लवित झाल्या. एका औषधी कंपनीने लेप्टिनचे हक्क मिळविण्यासाठी २ कोटी डॉलर मोजले. पण ती आशा फार काळ टिकली नाही. सामान्य स्थूल माणसाच्या रक्तात लेप्टिन कमी नसते. जितका मेद अधिक तितके तेही अधिक असते. कोठावळा चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या पाठवीत असतो, पण मुख्य कचेरीत त्या वाचल्या जात नाहीत. कचेरीच्या कामाचा ज्याला अनुभव आहे त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. एकच तातडीचे पत्र रोज येऊ लागले की काही दिवसांनी ते तातडीचे राहत नाही. उपवासात मात्र याच्या उलट घडते. मेदाचा साठा कमी होण्यापूर्वीच, एक-दोन दिवसांत रक्तातील लेप्टिन झपाट्याने उतरते आणि शरीर ताबडतोब काटकसरीला लागते. यावरून पुष्कळ शास्त्रज्ञांना असे वाटते की, लेप्टिनचे मूळ काम सुबत्तेची दवंडी पिटण्याचे नसून दुष्काळाची सूचना देण्याचे असावे. मानवजातीच्या इतिहासाचा बहुतेक भाग दुष्काळाच्या भीतीत गेला आहे. अतिसुबत्तेसाठी निसर्गाने वेगळी सोय केली नसेल तर त्याला दोष कसा द्यावा?

मेद आणि मधुमेह यांच्या नात्याची खरी कसोटी मात्र स्थूल माणसांत लागली नाही. ती लागली ज्यांच्या अंगी मेद जवळजवळ नाहीच, अशा लोकांत. असा एक विरळा रोग आहे की, ज्यात जन्मतः अथवा पुढे केव्हातरी त्वचेखालचा मेद नाहीसा होतो. मेद वाईट, हे जर खरे असते, तर हे लोक सर्वांत निरोगी असावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यांना अत्यंत तीव्र मधुमेह होतो. इन्शुलिनच्या मोठमोठ्या मात्राही त्यांना पुरत नाहीत. कारण सरळ आहे. कोठार नाही म्हणून अन्नातील मेद थांबत नाही. तो यकृतात व स्नायूंत, म्हणजे जेथे त्याची जागा नाही तेथे, जाऊन बसतो आणि इन्शुलिनचा मार्ग अडवितो. अशा उंदरांत निरोगी उंदराचा मेद रोपला तेव्हा त्यांचा मधुमेह हटला. आणि २००२ साली अमेरिकेत अशा ९ रुग्णांना चार महिने लेप्टिन दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील साखर व चरबी दोन्ही ठळकपणे उतरल्या आणि यकृतातील मेदही कमी झाला. स्थूलांच्या बाबतीत निराशा करणारे हे औषध या अभागी लोकांना संजीवनी ठरले. २०१४ साली अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली. तेव्हा मेद असणे हा रोग नव्हे, मेद नसणे हे आरोग्य नव्हे. मेद योग्य जागी असणे आणि त्याचा कारभार नीट चालणे, हे आरोग्य.

कोठावळ्याची दुसरी चिठ्ठी लेप्टिनहून अगदी वेगळ्या स्वभावाची आहे. १९९५-९६ च्या सुमारास अमेरिकेतील व जपानमधील निरनिराळ्या प्रयोगशाळांना एकमेकींच्या नकळत एकच प्रथिन सापडले. त्याला पुढे ॲडिपोनेक्टिन हे नाव रूढ झाले. तेही मेदपेशीतूनच येते, आणि रक्तात त्याचे प्रमाण लेप्टिनच्या शेकडो पटींनी अधिक असते. परंतु त्याचा व्यवहार उलटा. मेद वाढला, विशेषतः पोटातील मेद वाढला, की ॲडिपोनेक्टिन कमी होते; माणूस सडपातळ झाला की ते वाढते. ते यकृताला साखर सोडण्यापासून परावृत्त करते आणि स्नायूंना मेदाम्ले जाळावयास प्रवृत्त करते. परिणामी इन्शुलिनचे हुकूम पुन्हा पाळले जाऊ लागतात. ज्यांच्या रक्तात हे कमी असते त्यांना पुढे मधुमेह होण्याचा संभव अधिक, असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. मधुमेहावरील पायोग्लिटाझोन नावाचे औषध घेणाऱ्यांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिन वाढते. गंमत अशी की, हे औषध घेताना पुष्कळदा वजन थोडे वाढते आणि तरीही साखर उतरते! कारण ते मेदाला यकृतातून काढून त्वचेखालच्या सुरक्षित कोठारात हलविते.

आणखीही काही चिठ्ठ्या आहेत. ॲडिप्सिन नावाचे प्रथिन १९८७ सालीच मेदपेशीत सापडले होते. पण ते स्वादुपिंडातील पेशींना इन्शुलिन स्रवण्यास मदत करते, हे २०१४ साली उमगले. रेझिस्टिन नावाचे दुसरे प्रथिन २००१ साली उंदरांत सापडले आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. माणसात मात्र ते मेदपेशींतून नव्हे, तर मुख्यतः पांढऱ्या रक्तपेशींच्या जातीतील भक्षक पेशींतून येते असे आढळल्याने त्याचे महत्त्व मर्यादित झाले. उंदराचा न्याय माणसाला सरसकट लावता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

भक्षक पेशींचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांची कामगिरीही पाहिली पाहिजे. मेदपेशी फुगत फुगत गेली की तिला प्राणवायू पुरेसा मिळत नाही व काही पेशी मरू लागतात. त्यांचा निचरा करावयास भक्षक पेशी धावून येतात. स्थूल प्राण्यांच्या व माणसांच्या मेदात त्यांची अक्षरशः गर्दी होते, हे २००३ साली दाखविण्यात आले. त्याआधी दहा वर्षे, १९९३ साली, हार्वर्डमधील हॉटामिस्लिगिल व स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या मेदातून दाह उत्पन्न करणारा एक पदार्थ स्रवतो आणि तो इन्शुलिनला निष्प्रभ करतो, असे सिद्ध केले होते. या दोन शोधांची सांगड घातली म्हणजे चित्र स्पष्ट होते. कोंदटलेल्या कोठारात धुमसत राहणारी आग असावी तसा हा दाह असतो. जखमेसारखा तो दिसत नाही, त्याने ताप येत नाही. पण त्याचा धूर रक्तावाटे यकृतापर्यंत व स्नायूंपर्यंत पोहोचत राहतो.

मेदाची जागा महत्त्वाची, असे मी वर म्हटले. फ्रान्समधील मार्सेय येथील जाँ वाग या वैद्यांनी १९४७ सालीच असे निरीक्षण नोंदविले होते की, कमरेखाली व मांड्यांवर साठलेल्या मेदापेक्षा पोटावर व धडावर साठलेला मेद मधुमेहाला अधिक कारण होतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती जो मेद साठतो, त्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात. त्यामुळे यकृताची प्रथम आणि सर्वाधिक अडचण होते. याचा एक नामी पडताळा २००४ साली अमेरिकेत घेण्यात आला. स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालचा सुमारे १० किलो मेद शस्त्रक्रियेने ओढून काढला आणि काही आठवड्यांनी तपासणी केली. वजन उतरले होते, पण इन्शुलिनच्या परिणामात काडीचाही फरक पडला नव्हता. दहा किलो मेद अन्न कमी करून व व्यायाम करून घालविला असता तर पुष्कळच फरक पडला असता; कारण तसे केल्याने यकृतातील आणि आतड्यांभोवतीचा मेद आधी उतरतो. कोठारातील पोती बाहेर फेकून देणे निराळे आणि रस्त्यात अडलेला माल हलविणे निराळे.

येथवरची हकिकत परदेशांतील झाली. पण या कथेतील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या पुण्यात लिहिले गेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना असे दिसले की, त्यांच्याकडे येणारे मधुमेहाचे पुष्कळसे रोगी तरुण आहेत आणि परदेशी मापाने पाहिले तर मुळीच स्थूल नाहीत. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते स्वतः यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि ते पुढे फार गाजले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. दोघांचाही निर्देशांक २२.३. पण शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा इंग्रज डॉक्टरांचे ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांचे २१.२ टक्के! तराजूला जो फरक कळला नाही, तो शरीरात दुपटीहून अधिक होता.

हा फरक जन्मानंतरच्या खाण्यापिण्यातून येतो की त्याआधीच असतो? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांची व त्यांच्या मुलांची पाहणी सुरू झाली. या खेड्यांतील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. आपल्या मुलांचे स्नायू आणि पोटातील इंद्रिये लहान होती, यात नवल नाही. नवल हे की, पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने मुळीच कमी नव्हता. कृश दिसणारे हे मूल आतून मेदल होते. पुण्यातील व लंडनमधील अर्भकांच्या नाळेतील रक्त तपासले, तेव्हा आपल्या अर्भकांत इन्शुलिन अधिक असल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या प्रवृत्तीचे पर्यवसान पुढे चाळिशीत मधुमेहात होते, तिची पहिली खूण पाळण्यात, किंबहुना पाळण्याच्याही आधी, दिसते. भारतीयांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिन युरोपीय लोकांपेक्षा सामान्यतः कमी आढळते, हेही याच चित्राशी जुळते. आपल्या त्वचेखालचे कोठार मुळातच आटोपशीर असल्याने ते लवकर भरते आणि उरलेला मेद यकृतात व पोटात उतू जातो, असे एक अनुमान आहे.

यात दोष कोणाचा? त्या मातांचा तर नक्कीच नव्हे. शेतात, विहिरीवर व चुलीपाशी राबणाऱ्या, स्वतः लहान चणीच्या, अर्धपोटी वाढलेल्या त्या स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी पुष्कळजणींच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते, आणि त्याचा संबंध मुलांमधील पुढच्या इन्शुलिन-विरोधाशी असल्याचे या पाहणीतच दिसून आले. गर्भाला जेव्हा कमी मिळते, तेव्हा तो मेंदू राखतो, मेद राखतो आणि स्नायूंच्या बाबतीत काटकसर करतो. टंचाईच्या जगात जन्माला यावयाचे आहे, या हिशेबाने केलेली ही तरतूद. मूल मात्र मोठे होऊन शहरात येते, खुर्चीवर बसते, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा पिते आणि पाव मैल जावयालाही वाहन शोधते. तरतूद एका काळासाठी आणि आयुष्य दुसऱ्याच काळात, असा हा प्रकार होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत, आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग कोणता? पहिला असा की, आपण आपले माप बदलले पाहिजे. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो निर्देशांक येतो, तो २५ पर्यंत असला तर जगात सामान्यतः ठीक मानतात. भारतीयांसाठी ही मर्यादा २३ असावी, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ साली ठरविले. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला जगाचे माप ६८ किलोंपर्यंत सूट देते. आपले माप सुमारे साडेबासष्ट किलोंवर सावध करते. त्याहून सोपे साधन म्हणजे शिंप्याची फीत. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर यांच्या वर गेला, तर तराजू काहीही सांगो, रक्त तपासून घ्यावे. 'मी तर सडपातळ आहे, मला कसली आली साखर?' असे म्हणत वर्षानुवर्षे तपासणी टाळणारे आणि अखेर डोळ्यांवर अगर मूत्रपिंडांवर परिणाम झाल्यावर रुग्णालयात येणारे लोक आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतील. त्यांची दिशाभूल तराजूने केलेली असते.

दुसरा उपयोग आशेचा आहे. मधुमेह एकदा जडला की तो कायमचा, असे आपण धरून चालतो. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या नेतृत्वाखाली एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटला नव्हता, अशा स्थूल रोग्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन ते पाच महिने दिवसाकाठी सुमारे ८५० उष्मांकांचा आहार देण्यात आला. वर्षअखेर त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधांवाचून रोगाच्या मर्यादेखाली राहिली. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यापैकी तर ८६ टक्क्यांची. यकृतातून आणि स्वादुपिंडातून मेद हटला आणि अडलेला कारभार पुन्हा सुरू झाला. असा आहार कोणी आपल्याच मनाने सुरू करू नये, विशेषतः इन्शुलिन अगर गोळ्या चालू असताना तर मुळीच नाही. कारण साखर एकाएकी खाली जाणे हेही प्राणावर बेतू शकते. पण रोग हटू शकतो, एवढी गोष्ट रोग्याला ठाऊक असणे हेच मोठे औषध आहे. आणि ज्यांना वजन फारसे उतरवावयाचे नाही, त्यांनी स्नायूंकडे लक्ष द्यावे. काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या हुकमाची फारशी वाट न पाहताही रक्तातील साखर उचलतो. आपल्या लोकांच्या बाबतीत स्नायू मुळातच उणे असल्याने चालणे, जिने चढणे, ओझे उचलणे यांना दुप्पट महत्त्व आहे.

तिसरा उपयोग व्यक्तीचा नव्हे, समाजाचा आहे. मेदाचा हा कारभार आईच्या पोटातच ठरू लागतो, हे एकदा ध्यानात आले म्हणजे मधुमेहाचा प्रतिबंध चाळिशीतल्या पुरुषाच्या पोटापासून सुरू करून भागत नाही. तो शाळेत जाणाऱ्या मुलीच्या ताटापासून सुरू व्हावा लागतो. पुढे माता होणाऱ्या मुलीला दूध, डाळ, भाजी आणि ज्यांना चालत असेल त्यांना अंडी व मासळी पुरेशी मिळणे हा केवळ दयेचा प्रश्न नव्हे. पुढच्या पिढीच्या रक्तातील साखरेचा तो प्रश्न आहे. प्रत्येक गर्भवतीची साखर तपासावी, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले आहे. ती सूचना खेड्यातील उपकेंद्रापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे आपणा सर्वांचे, आणि माझ्यासारख्या सरकारी नोकरांचे विशेषच, कर्तव्य आहे.

मेदाला शिव्या देऊन काही साधणार नाही, आणि तराजूवर उभे राहून केवळ आकडा पाहूनही सर्व काही कळणार नाही. शरीरातील हा कोठावळा मुळात प्रामाणिक आहे. त्याला जितकी जागा आहे तितकाच माल त्याच्याकडे पाठवावा, कोठार मोकळे ठेवावे, आणि ज्यांच्या पोटी उद्याची मुले वाढावयाची आहेत त्यांच्या ताटात आज कमतरता राहू देऊ नये. एवढे केले तर रक्तातील त्या चमचाभर साखरेचा हिशेब तो बिनबोभाट सांभाळीत राहील.